खाणीच्या भिंतीतली बिळं

सुरतेत कोणाला सांगितलं की मी खाणीत नोकरी केली, तर समोरच्याचे डोळे चमकतात. "हिऱ्याच्या?" नाही म्हटलं की "मग सोन्याच्या?" तेही नाही म्हटलं की माणूस आपल्या चहाकडे वळतो. माझी खाण लिग्नाईटची होती. लिग्नाईट म्हणजे तपकिरी, कच्चा कोळसा. हातात घेतला तर अजून लाकूडच वाटतो आणि दोन दिवस उन्हात ठेवला तर त्याचा भुगा होतो. सुरतेपासून बसने दीड-दोन तासांवरच्या त्या उघड्या खाणीत मी निवृत्त होईपर्यंत भूवैज्ञानिक होते. खाण आता बंद आहे, खड्ड्यात पाणी भरलंय, म्हणून नाव लिहीत नाही.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. आबा सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामाला होते आणि घर भेस्तानला. मिलच्या बॉयलरमध्ये जळायचं ते लिग्नाईट आमच्याच पट्ट्यातलं, त्यामुळे मुलीने उकरायचं आणि बापाने धूर खायचा, असं आबा आल्यागेल्याला हसून सांगत. बडोद्याला एम.एस्सी. करून मी खाणीवर रुजू झाले तेव्हा तिथे बाई म्हणून मी एकटीच. साहेबलोक 'पाटीलबेन' म्हणत, ऑपरेटर 'मॅडम' म्हणत आणि बाजूला सरकत. एकदा चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले आणि चिडून तोंडातून अहिराणी निघाली. वर एक्सकॅव्हेटरच्या केबिनमध्ये बसलेला माणूस खो खो हसायला लागला. ते भटूभाऊ. धुळ्याकडचे, राहायला सुरतेत कोसाडला. त्यांनी उतरून मला बाहेर ओढलं आणि विचारलं, "कोन गावना तुम्ही?" त्या दिवसापासून मी त्यांची ताई झाले आणि हळूहळू सगळ्या ऑपरेटरांची.

खाणीतला भूवैज्ञानिक करतो काय, हा पुढचा प्रश्न. तो भिंत बघतो. उघडी खाण म्हणजे अवाढव्य पायऱ्यांची विहीर. कोळसा सगळ्यांत खाली. त्याच्यावर चिकणमाती, वाळू, शिंपल्यांचे थर, आणि सगळ्यांत वर उसाची काळी शेतं. कोळशापर्यंत पोहोचायचं तर वरचं सगळं पायरीपायरीनं उचलून टाकावं लागतं, आणि उचलताना मागे उभ्या राहतात त्या भिंती. रोज सकाळी डॉक्टर जीभ बघतो तशी मी भिंत बघायची. पुढे कोळसा जाड मिळेल की पातळ, पाणी कुठे लागेल, कुठला थर घसरेल, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. फक्त ते समुद्राच्या भाषेत लिहिलेलं असतं, कारण पाचएक कोटी वर्षांपूर्वी तिथे आधी किनाऱ्यावरची दलदल होती आणि मग उथळ समुद्र. डुमसला ओहोटीला लांबवर चिखल उघडा पडतो ना, तसाच तळ, वर पाणी असलेला.

आमच्याकडे गिऱ्हाइकं यायची तीही तऱ्हेवाईक. कोळशात कधी कधी झाडाच्या डिंकाचे पिवळे खडे सापडत, कोळशाइतकेच जुने. ते ऐकून महिधरपुऱ्याचे एक हिरेदलाल पांढरे बूट घालून खाणीत उतरले. खिशातून भिंग काढून त्यांनी खडा उजेडात धरला आणि एकदम दचकले. "बेन, आमां तो जीवडुं छे!" आत किडा होता. मी अभिमानाने म्हटलं, "म्हणून तर तो मोलाचा." त्यांनी खडा माझ्या तळहातावर परत ठेवला. म्हणाले, "आमच्या धंद्यात आत काही दिसलं की माल बाद." आणि बूट सांभाळत वर गेले.

दुसरे शेजारच्या गावचे छगनकाका. भिंतीतून एक वस्तू निखळून पडली होती. मनगटाएवढी जाड, फाटे फुटलेली, आल्याच्या कांडीसारखी वाकडीतिकडी, घट्ट वाळूची. काकांनी ती दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. "बेन, आ नागदेवता छे?"

"नाही काका. हे कोणाचं तरी बीळ आहे. बिळात वाळू भरली आणि ती घट्ट झाली."

"कोणाचं?"

मी ती त्यांच्या हातातून घेऊन उलटीपालटी करून पाहिली. काका ती परत घेत म्हणाले, "तुम्हालाही माहीत नाही ना? मग नागाचं असायला काय हरकत आहे?" ती वस्तू ते घरी घेऊन गेले.

ते उत्तर मला लागलं. मी काकांची हकिगत लिहून तशाच दुसऱ्या तुकड्याचा फोटो माझ्या बडोद्याच्या सरांना पाठवला, आणि त्यांनी तो पुण्याला पाठवला, सबनीस सरांकडे. प्राण्यांच्या हाडांवर, शिंपल्यांवर काम करणारे पुष्कळ असतात. सबनीस सर काम करायचे ते प्राण्यांनी मागे ठेवलेल्या खुणांवर. बिळं, फरफटल्याच्या रेषा, खाल्ल्याच्या, खरवडल्याच्या खुणा. प्राणी स्वतः कधीच सापडत नाही, त्याचा उद्योग तेवढा सापडतो. "हाडं म्हणजे मेल्यानंतरची हकिगत," सर म्हणायचे. "मला तो त्या दिवशी काय करत होता त्यात रस आहे."

सर आले. बारीक चणीचे, सत्तरीकडे झुकलेले, डोक्याला ओला रुमाल गुंडाळलेला. खाणीचे मॅनेजर देसाईसाहेब त्यांना कौतुकाने कोळशाचा थर दाखवायला घेऊन गेले. सरांनी कोळशाकडे पाठ केली आणि समोरच्या भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. तिथे चिकणमातीत कमरेइतक्या जाडीचा वाळूचा एक थर होता. मी तो वर्षभर रोज पाहत होते.

"पाटील, काय दिसतं?"

"वाळू, सर. खाली चिकणमाती, वर चिकणमाती."

"ते मलाही दिसतं. काय झालं ते सांगा."

सरांनी काठीचं टोक खालच्या मातीवर टेकवलं. "ही माती बारीक. म्हणजे पाणी शांत होतं. या चिखलात कोळंबीसारख्या जिवांनी घरं केली, फाटे काढले, खोल्या केल्या. चिखल घट्ट होता, म्हणून बिळं ढासळली नाहीत, उघडी राहिली. मग एके दिवशी वादळ आलं. लाटांचा जोर तळाला पोहोचला. वरचा सैल चिखल खरवडून गेला, शिंपले फुटले. हे बघा, थराच्या अगदी तळाशी त्यांचा चुरा आहे. आणि वादळ ओसरताना किनाऱ्याकडून ओढून आणलेली वाळू इथे बसली. उघडी बिळं होती, त्यांत गच्च भरली. तुमच्या काकांचा नाग तो हा."

"याला किती वेळ लागला असेल, सर?"

"खालच्या हातभर मातीला शेकडो वर्षं लागली असतील. या वाळूला कदाचित एक दुपार."

त्या वाक्यासरशी ती भिंत माझ्यासाठी बदलली. इतके दिवस मी थर मोजत होते, आता मला दिवस दिसायला लागले. शांत, शांत, शांत, आणि मध्येच एक भयंकर दुपार.

मग सरांनी मला वाळूच्या थरात एक जागा दाखवली. वाळूचे बारीक पापुद्रे सगळीकडे आडवे होते. एकाच उभ्या पट्ट्यात ते खाली वाकलेले होते, शेंगदाणेवाल्याच्या कागदी पुड्या एकात एक खोचून ठेवाव्यात तसे. थराच्या तळापासून सुरू होऊन ती खूण वर चढत होती आणि अर्ध्या उंचीवर भिंतीच्या आत वळून दिसेनाशी झाली होती.

"हा जीव गाडला गेला," सर हलक्या आवाजात म्हणाले. "अंगावर वाळू पडली आणि तो वर निघाला. जिथून गेला तिथले पापुद्रे त्याच्या मागे खाली बसत गेले." त्यांनी बोट भिंतीजवळ नेलं, पण लावलं नाही. "इतकी स्वच्छ खूण मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. ही भिंत राखता येईल तितकी राखा. पावसाळ्यानंतर मी येतो, महिनाभर राहतो, सगळी नीट मोजून, चितारून काढू."

मी हो म्हटलं. देसाईसाहेबही हो म्हणाले. त्या भिंतीमागचा कोळसा उचलायला वर्षभर तरी अवकाश होता.

उन्हाळ्यात वरच्या शेतांना कालव्याचं पाणी सुटलं. एका सकाळी मी भिंत बघायला गेले तर त्या वाळूच्या थराखाली मातीत ओले ठिपके दिसले. रुपयाच्या नाण्याएवढे, दूर दूर, एका रेषेत. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक ठिपका म्हणजे एका बिळाचं कापलेलं तोंड होतं. चिकणमाती कोरडी आणि तिच्यातली वाळू तेवढी ओली. एका तोंडाशी थेंब धरला होता. मी पाहत असताना तो गळला आणि लगेच दुसरा आला.

तो थर सपाट नव्हता, खड्ड्याच्या दिशेने उतरता होता. वरचं पाणी वादळाच्या वाळूत शिरत होतं आणि बिळाबिळांतून खालच्या मातीत पोहोचत होतं. ती माती ओली झाली की साबण होते. मग तिच्यावरचं सगळं ओझं, म्हणजे ती सबंध भिंत, घसरायला मोकळी. आणि त्याच भिंतीखाली, खालच्या पायरीवर, भटूभाऊंचं मशीन सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचं.

मी देसाईसाहेबांकडे गेले. माणूस चांगला, पण पावसाळ्याआधी जितका निघेल तितका कोळसा काढून ठेवायचा म्हणून वरून रोज फोन येत होते. त्यांनी भिंत येऊन पाहिली. "बेन, खाणीत पाणी कुठे नसतं?"

"साहेब, हे साधं झिरपणं नाही. हे नळ आहेत. मातीच्या आत सगळीकडे नळ टाकलेत."

"कोणी?"

"पाच कोटी वर्षांपूर्वीच्या कोळंब्यांनी."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला स्वतःलाच ते वाक्य वेडगळ वाटलं. "आता मी वर कळवू का, की कोळंब्यांमुळे काम बंद ठेवलंय? मला काहीतरी दाखवा, बेन. डोळ्यांना दिसेल असं."

त्या दिवशी घरी जेवताना माझं ताटाकडे लक्ष नव्हतं. माझा जीव खाणीतच राहिलाय हे ओळखून आई भाकरी टाकताना म्हणाली, "काय वं, आज चिखलमां जीव ठी उनी का?" मी दोघांना सगळं सांगितलं. पाणी कुठून कुठे जातं हे शोधायला त्यात रंग टाकतात, हे कॉलेजात शिकले होते. ते बोलता बोलता मी आबांकडे पाहिलं आणि आबा माझ्याकडे. त्यांना हसू फुटलं. "आख्खी जिंदगी कपडासले रंग दिधा. आते माटीले देस का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिलच्या रंगमास्तरांना विचारून निळ्या रंगाची पुडी आणली. शेताच्या कडेला, भिंतीच्या वरच्या अंगाला तो थर जमिनीजवळ येत होता तिथे, मी चर खणून घेतला, त्यात रंग कालवला आणि टँकरने पाणी सोडलं. मग वाट पाहिली. थेंब गळत होते, पण पाण्यासारखेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तसेच. देसाईसाहेब आले, थोडा वेळ थांबले, माझी कीव आल्यासारखे निघून गेले. भटूभाऊ म्हणाले, "ताई, होळी होऊन गेली." सगळे हसले, मीही हसले. पण भाऊ पुन्हा मशीनवर चढून त्याच भिंतीखाली गेले तेव्हा माझं हसणं गेलं.

आबांना सांगितलं तर ते म्हणाले, रंगाचं तसंच असतं, एखादा कापड सोडत नाही. तुझ्या मातीने निळा पकडून ठेवला असेल. मास्तरांशी बोलून त्यांनी सहज वाहून जाणारा गडद गुलाबी रंग आणला. आम्ही चर आणखी खोल केला, थेट वाळूपर्यंत नेला, आणि पुन्हा पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कार्यालयात होते. भटूभाऊ धावत आले. त्यांना धावताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "ताई, चला. लवकर चला."

भिंत गुलाबी झाली होती. सगळी नाही. वाळूच्या थराखालच्या करड्या मातीत एकेक ठिपका, इथपासून तिथपर्यंत, जणू कोणी शाईची बोटं टेकवत गेलं होतं. काही ठिपक्यांतून गुलाबी ओघळ खाली उतरले होते आणि भटूभाऊंच्या मशीनच्या साखळीपट्ट्यांपाशी गुलाबी डबकं साचलं होतं. जी बिळं मी कधी पाहिलीच नव्हती, तीही उमटली होती. मी भीती विसरून बघतच राहिले. खरं सांगायचं तर माझ्या नोकरीत मी पाहिलेली ती सगळ्यांत सुंदर गोष्ट.

देसाईसाहेब आले. टोपी काढून त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग त्या डबक्याकडे पाहिलं. "मशीन बाहेर काढा," एवढंच म्हणाले. "आत्ता."

यंत्र निघालं, माणसं निघाली, पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. भिंतीचा भार कमी करायचा तर ती वरून कापत आणून तिचा हलका उतार करायला हवा होता. कुठून कुठपर्यंत कापायचं ते आखून देणं माझं काम. चुन्याची रेघ मी स्वतः मारली. ती रेघ सरांच्या भिंतीच्या बऱ्याच मागून गेली, म्हणजे ती भिंतही कापली जाणार होती. दुसरीकडून जाणं शक्य नव्हतं.

कापायला मशीनवर भटूभाऊच होते. वरून उतरत उतरत काम त्या थरापर्यंत आलं तेव्हा त्यांनी इंजिन मंद केलं आणि केबिनमधून ओरडून विचारलं, "ताई, तुमचा तो कुठाय?" मी जागा दाखवली. भाऊंनी मशीनच्या बादलीचे दात इतक्या हळू टेकवले की जणू लोण्यात सुरी घालत होते. समोरचा एक पातळ काप निघाला आणि भिंतीच्या आत वळलेली ती खूण उघडी पडली. मी तिच्यामागे नजर नेत गेले. पुड्यांत पुड्या, वर, आणखी वर. ती थराच्या माथ्यापर्यंत गेली होती. माथ्यावर तिचं तोंड उघडं होतं आणि त्यात वरची शांत चिकणमाती उतरली होती.

"थांबा!" मी ओरडले. एवढा तुकडा तरी वाचवावा म्हणून भाऊंनी बादली मागून घातली आणि अलगद उचलली. पण ती वाळू दगड झालेली नव्हती, आणि आता तर पाण्याने भिजली होती. बादली माझ्यासमोर खाली टेकली तेव्हा तिच्यात नुसती गुलाबी वाळू होती. भाऊ उतरले. मूठभर वाळू हातात घेऊन म्हणाले, "माफ करा, ताई." मी म्हटलं, "भाऊ, वर चढा. पावसाच्या आत संपवायचंय."

सरांना फोन केला. भिंत गेली, असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "खाली कोणी होतं?"

"नाही सर. सगळे बाहेर आहेत."

"मग ठीक. आणि ती खूण? आत कुठपर्यंत होती, दिसलं का?"

"वरपर्यंत, सर. तो बाहेर पडला होता."

सरांनी ते वाक्य मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. उतार जागचा हलला नाही. आणि म्हणूनच, भिंत तशीच ठेवली असती तर ती खरंच खाली आली असती का, हे आजवर कोणालाही माहीत नाही. आमच्या कामाचं हे असं आहे. चुकलं तर सगळ्यांना कळतं, बरोबर ठरलं तर काहीच घडत नाही. देसाईसाहेब निवृत्त होईपर्यंत नव्या माणसांना माझी ओळख करून देत, "ही आमची पाटीलबेन. हिच्या कोळंब्यांनी माझी खाण बंद पाडली होती." पण त्यानंतर प्रत्येक नवी भिंत उभी राहिली की ते मला बोलावून घेत आणि भिंतीकडे बोट दाखवून विचारत, "बेन, आमां कोई रहे छे?"

हिवाळ्यात सर ठरल्याप्रमाणे आले. मी म्हटलं होतं, आता बघायला काही नाही. तरी आले. गुडघे धरले होते, दोन्ही हातांत काठ्या. भिंतीच्या जागी गवत उगवलेला उतार होता. त्याच्यावर उभं राहून त्यांनी सगळीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "त्या मशीनवर कोण होतं? भेटवता का?"

भटूभाऊ जेवणाचा डबा घेऊन आले. साहेब रागावणार या तयारीनेच आले होते. "सर, मी जपून काढायचा लई प्रयत्न केला," त्यांनी लगेच सुरुवात केली.

"ते राहू द्या. तुम्ही बसायचा कुठे?"

भाऊंनी खाली बोट दाखवलं. "तिथे. उतार आहे ना, त्याच्या पायथ्याशी."

"आणि भिंत आली असती तर? इंजिनच्या आवाजात ऐकू आलं असतं?"

"सकाळी नसतं आलं." भाऊंनी डबा गवतावर ठेवला. "दुपारी तर काय, सर. जेवण झालं की मी मशीनच्या सावलीत झोपेल राहायचो. भिंतीला डोकं लावून. तिथे गार लागायचं."

मला हे माहीत नव्हतं. इतके दिवस रोज त्या भिंतीपुढे उभी राहायचे आणि मला हे माहीत नव्हतं.

सरांनी एक काठी माझ्या हातात दिली आणि मोकळ्या झालेल्या हाताने भाऊंचा खांदा धरला. धरूनच ठेवला. भाऊ अवघडले, माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी सरांना हळूच गवतावर बसवलं आणि डबा उघडला. कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. पहिल्याच घासाला सरांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. भाऊ पाण्याची बाटली पुढे करत म्हणाले, "हळू, सर. घाई नाही."

सर पाणी प्यायले, त्यांनी डोळे पुसले, आणि आणखी भाकरी मागितली.